खालांचा हप्ता आपांच्या खात्यात

आमच्या घरी भिशीचा हिशोब अम्मींच्या वहीत असतो. मोहल्ल्यातल्या १२ बायका, दरमहा ५०० रुपये. आमची लेक अकरावीला संगणक शिकते. "दादी, वही कशाला? मी पायथनमध्ये करून देते," असे म्हणून दोन संध्याकाळी बसून तिने प्रोग्राम लिहिला. एकच नाव टाकून तपासला, बरोबर चालला. मग खालांचे ५०० नोंदवले आणि सहज शेजारच्या आपांचे खाते उघडले, तर त्यांच्या नावावरही ५०० जमा! आपांनी अजून एक पैसा दिलेला नव्हता. अम्मींनी चष्मा वर करून एवढेच विचारले, "मग हे वरचे ५०० कोण भरणार, तुझा कॉम्प्युटर?"

प्रश्न रास्त होता. भिशीत फरक निघाला की पैसे नंतर सापडतात, पण तोवर दोन घरांचे बोलणे बंद झालेले असते. म्हणून आम्हीही तिच्याबरोबर बसलो.

क्लास म्हणजे कोऱ्या पासबुकाचा नमुना आणि ऑब्जेक्ट म्हणजे एकेका बाईच्या नावाचे पासबुक. यात माहिती दोन वाटांनी आत जाते. पासबुक उघडताना क्लासच्या कंसात जे लिहावे ते 'इनिट' या मेथडला मिळते (तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात). नाव असे एकदाच द्यायचे. हप्ता मात्र दरमहा 'जमा' या मेथडच्या कंसात द्यायचा. मेथडला दिलेली रक्कम मेथड संपली की विसरली जाते. ती टिकवायची तर 'सेल्फ'वर, म्हणजे त्याच पासबुकात, उतरवून ठेवावी लागते.

हा 'सेल्फ' पुष्कळ मुलांना छळतो. कंसात आपण फक्त ५०० लिहितो, पण पायथन त्याच्याआधी ते ऑब्जेक्टही गुपचूप पाठवतो. मेथड लिहिताना 'सेल्फ' राहून गेला की तक्रार येते: ही मेथड एक आर्ग्युमेंट घेते, दिली दोन. मूल कंसाकडे बघत बसते, तिथे तर एकच! जावामध्ये हेच 'धिस' या नावाने न मागता मिळते. आम्हाला मात्र लिहिणेच बरे वाटते. पासबुक कोणाचे ते डोळ्यांसमोर राहते.

लेकीची चूक वेगळीच होती. काही बायका आगाऊ हप्ते भरतात, म्हणून तिने इनिटला आधीच्या हप्त्यांची लिस्ट घ्यायला लावली होती, आणि कोणी दिली नाही तर डिफॉल्ट म्हणून कोरी लिस्ट. दिसायला अगदी निर्दोष. पण पायथन डिफॉल्ट दर वेळी नव्याने बनवत नाही. 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा एकदाच बनवतो. त्यामुळे लिस्ट न देता उघडलेली सगळी पासबुके त्या एकाच लिस्टकडे बोट दाखवत होती. खालांचे ५०० तिच्यात पडले ते सगळ्यांना दिसले. आपांचेच पासबुक उघडले, म्हणून त्यांचेच कळले. डिफॉल्ट साधा आकडा असता तर हे घडले नसते. आकडा जागच्या जागी बदलत नाही, लिस्टमध्ये मात्र भर घालता येते.

दुरुस्ती दोन ओळींची. डिफॉल्ट 'नन' ठेवायचा, आणि 'नन' आला तर इनिटच्या आत नवी कोरी लिस्ट बनवायची. आतली ओळ प्रत्येक पासबुकासाठी पुन्हा चालते. एकच खाते तपासून ही चूक कधीच दिसत नाही, निदान दोन लागतात. लेकीने या वेळी १२ च्या १२ उघडून पाहिली. अम्मींनी वही अजून बंद केलेली नाही.