बोट फिरते, पण वाचतो कोण?

परवा संध्याकाळी आमच्या शिरूरच्या घरात एक गमतीचा प्रसंग घडला. सूनबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ती प्राथमिक शिक्षिका आहे. तांदळाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यात कोणी गृहस्थ प्रशिक्षणाचे व्याख्यान देत होते. आवाज बंद होता. पिठाच्या हातांनी पडद्याला शिवता येईना, म्हणून त्या कामावर आमच्या आठ वर्षांच्या नातवाची नेमणूक झाली होती. दर काही मिनिटांनी खाली 'पुढे जा' अशी चौकट उमटे, नातू ती दाबी आणि त्या घटकासमोर एक हिरवी खूण येई. अशा पाच-सहा खुणा झाल्यावर त्याने मला विचारले, "आजोबा, प्रशिक्षण आईचं चाललंय की माझं?"

घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण जरा ओशाळूनच. कारण असली व्याख्याने तयार करणाऱ्यांत मीही एक होतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तीसएक वर्षे मास्तरकी केली; निम्मी शिरूर तालुक्यात, निम्मी दौंड तालुक्यात. निवृत्त झाल्यावर एका प्रशिक्षण संस्थेने बोलावणे धाडले. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला कसे शिकवावे, यावर शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा होता. विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी दहा व्याख्याने लिहून काढली, इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर बसलो आणि प्रत्येकी चाळीस मिनिटे बोललो. पहिल्या व्याख्यानात स्वागत, माझा परिचय, अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आणि भाषाशिक्षणाचा पूर्वेतिहास एवढे झाले. वाचन या विषयावरचे पहिले वाक्य त्यानंतर आले.

दुरून शिकवणे महाराष्ट्राला नवे नाही, हे इथे सांगायला हवे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि नोकरी-संसार सांभाळून पदवी घेण्याची वाट अनेकांना मोकळी झाली. २००१ साली एमएस-सीआयटी आली आणि तालुक्याच्या गावातली माणसे संगणकापुढे बसू लागली. टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली, तेव्हा जुलै २०२० मध्ये 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून घराघरांत गेली. शिक्षकांचे 'निष्ठा' प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते समोरासमोर होते आणि देशातल्या ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर २०२० पासून तेच 'दीक्षा' या मंचावर १८ घटकांत विभागून मोबाइलवर आले. तेव्हा साधन वाईट, असे म्हणण्यात अर्थ नाही. साधनात आपण काय भरतो, हा प्रश्न आहे.

माझा अभ्यासक्रम 'यशस्वी' झाला. बहुतेकांनी तो पूर्ण केला, प्रमाणपत्रे निघाली, मला शाल-श्रीफळ मिळाले. पुढे काही महिन्यांनी दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका शाळेत सहज गेलो. आजूबाजूला ऊस, शाळेत दोन शिक्षक. तिथल्या बाईंनी माझा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. तसे त्यांनीच आदराने सांगितले. तिसरीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने पुस्तकातला पाठ ओळींवर बोट फिरवत घडाघडा वाचून दाखवला. मला भरून आले. कौतुकाने मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हा कोणता शब्द गं?" पोर गप्प. दुसरा विचारला. तरी गप्प. पाठ तिला तोंडपाठ होता. वाचता काहीच येत नव्हते.

बाई खाली बघत होत्या. मग धीर करून म्हणाल्या, "गुरुजी, खरं सांगू? तुमची व्याख्यानं मी पुण्याला जाता-येता गाडीत लावली. सासूबाई दवाखान्यात होत्या. दौंड सुटलं की चालू करायची. पाटसच्या पुढे कधी रेंज जायची, यवतला पुन्हा यायची. कधी डोळा लागायचा. व्हिडिओ संपला की खूण यायचीच. ही पोरगी माझ्यासमोर रोज बसते. हिला उद्या सकाळी नेमकं काय शिकवू, एवढंच मला हवं होतं. ते दहा व्याख्यानांत कुठं होतं, मला सापडलं नाही."

ते नव्हतेच, तर सापडणार कुठून? शिरूरला परतताना चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता. ती मुलगी पुस्तकावरून बोट फिरवत होती, बाई पडद्यावरून बोट फिरवत होत्या आणि दोन्हीकडे आम्ही मोठी माणसे 'वाचन झाले' अशी नोंद करून मोकळे झालो होतो.

सुधारणेचा माझा पहिला प्रयत्नही फसला, तेही सांगून टाकतो. लोक कंटाळतात, तर गंमत घालू, असे ठरले. व्याख्यानांना संगीत आले, कोपऱ्यात बोलणारा पोपट आला, बरोबर उत्तराला टाळ्या आणि गुण आले. एका शिक्षकाने मला फोन करून सांगितले, "गुरुजी, पोपट झकास आहे. मुलांना फार आवडला." करमणूक म्हणजे गुंतणे नव्हे, हे तेव्हा कळले. माणूस गुंततो तो स्वतःच्या अडचणीत. त्या अडचणीला हात घातला की पोपटाची गरज पडत नाही.

मग मी थोडे वाचन केले. परदेशात या गोष्टींचा कसून अभ्यास झाला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एडेक्स या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-दर्शनांचा हिशेब मांडला आहे. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असे त्यात दिसले. २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग त्याहून मोलाचा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून, आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारेच पुढे निघाले. म्हणजे डोक्यातून बाहेर काढल्याशिवाय गोष्ट डोक्यात टिकत नाही. आणि हार्वर्ड-एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव घालणाऱ्यांपैकी शंभरात जेमतेम तीन जण शेवटपर्यंत पोहोचले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडे शंभरातले तीन, आमच्याकडे जवळजवळ सगळे! कारण त्यांच्याकडे सोडून देण्याची मोकळीक होती. आमच्याकडे वरून आलेले पत्र होते.

खरे तर हे सगळे आपल्या कीर्तनकारांना कोणी शिकवावे लागले नाही. बुवा पूर्वरंगात तत्त्व मांडतात, पण श्रोते पेंगू लागले असे दिसताच नामाचा गजर करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतात. मग उत्तररंगात आख्यान येते आणि मघाचे तत्त्व माणसांच्या गोष्टीतून पुन्हा उभे राहते. श्रोत्याने तोंड उघडावे, हात हलवावा, याची सोय त्या रचनेतच आहे. माझ्या व्याख्यानात श्रोत्याला काही कामच नव्हते.

दुसऱ्या खेपेस भीमेकाठच्या त्या बाईंना मी बरोबर घेतले. अभ्यासक्रमाचे पहिले वाक्य त्यांचेच ठेवले: 'पाठ तोंडपाठ आहे, बोट फिरते, पण मधला शब्द ओळखत नाही, अशा मुलाला उद्या सकाळी काय द्याल?' उत्तर आधी शिक्षकाने लिहायचे, मग पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात प्रत्यक्ष वर्ग, प्रत्यक्ष मूल. ऊस, कोयता, बैल असे मुलाच्या घरातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, ओळखायला कसे द्यायचे, ते दाखवलेले. मग अभ्यासक्रम थांबतो. दुसऱ्या दिवशी एका मुलाबरोबर ते करायचे आणि काय घडले ते दोन वाक्यांत कळवायचे. ते कळवल्याशिवाय पुढचा घटक उघडत नाही. रेंज नसेल त्यांच्यासाठी तेच कागदावर. आठवड्यातून एकदा आठ-दहा शिक्षकांनी फोनवर एकत्र बोलायचे आणि जो फसला असेल त्याने आधी बोलायचे. ज्याला विषय आधीच येतो त्याने सुरुवातीलाच करून दाखवावे आणि मोकळे व्हावे. उगीच बसवून ठेवायचे नाही.

यातून चमत्कार झाला नाही. निम्मे लोक मध्येच थांबले. संस्थेतले साहेब नाराज झाले. पूर्वी जवळजवळ शंभर टक्के हिरव्या खुणा होत्या, आता तक्त्यात खिंडारे दिसत होती. पण जे टिकले त्यांच्या दोन-दोन वाक्यांत मुले दिसू लागली. माझ्या लेखी हाच हिशेब खरा होता.

हा विषय केवळ शाळामास्तरांचा असता, तर रविवारच्या सकाळी मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. आमच्या भागात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. घरोघरची मुले पाळीवर जातात. माझा एक भाचा अशाच एका रसायन कारखान्यात लागला. सुरक्षेचे प्रशिक्षण त्याने मोबाइलवर एका रात्रीत उरकले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. मी सहज विचारले, "काय रे, वायू गळाला तर कुठल्या दिशेला पळायचं?"

तो म्हणाला, "तो प्रश्न होता, मामा. उत्तर 'ब' होतं."

पुढे त्याला आठवेना. चुकीचे उत्तर दिले तर बरोबर येईपर्यंत पुन्हा दाबायची सोय होती, हेही त्यानेच सांगितले. कारखान्यात उंच खांबावर वाऱ्याने फुगणारी कापडी नळी असते. तिच्याकडे बघून वारा कुठून कुठे वाहतो ते ओळखायचे, वाऱ्याला आडवे जाऊन वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि मग वारा येतो त्या बाजूला जायचे. ही गोष्ट 'ब' म्हणून लक्षात राहून चालत नाही. ती पायांना माहीत असावी लागते. त्यासाठी मोबाइलवर आधी त्याच्याच कारखान्याचा नकाशा दाखवून 'तू इथे उभा आहेस, वारा असा आहे, निघ' म्हणता येते. आणि दुसऱ्या दिवशी आवारात एकदा चालवून घेता येते.

साहेब लोकांची बाजू मला कळते. हजारो माणसे शिकवायची, पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. आणि पूर्वीची सभागृहातली शिबिरे तरी काय मोठी जागृत होती? दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात किती माना डुलत, हे मी मागच्या रांगेतून पाहिले आहे आणि पुढून भोगलेही आहे. तरीही तीन गोष्टी मागायला हरकत नसावी. प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्यावे, भाकरी थापण्याच्या वेळेत नव्हे. किती जणांनी पूर्ण केले याबरोबरच महिन्याने किती जणांना करता येते, हे विचारावे. आणि अडलेल्या माणसाला विचारायला पलीकडे एक जिवंत माणूस ठेवावा.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच कुरणात नेली. मोबाइलने आपल्या हाती तशीच कुरणशाळा दिली आहे. ती दौंडच्या गाडीत पोहोचते, पाळी संपवून आलेल्या मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचते. पण कुरणात जाऊन ताराबाईंनी चाळीस मिनिटांचे व्याख्यान दिले नसते. आधी गुरे कुठे आहेत ते पाहिले असते.

त्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर मी सूनबाईला म्हटले, "आज काय शिकलीस, ते मला करून दाखव." ती म्हणाली, "बाबा, काहीच नाही." मग दोघे बसलो आणि आवाज चालू करून तो घटक पहिल्यापासून पाहिला. त्यात दोन गोष्टी खरोखर चांगल्या होत्या. एक तिने दुसऱ्याच दिवशी वर्गात करून पाहिली.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणी ना कोणी मोबाइलवर काही शिकत असेल. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापूर्वी त्याला प्रेमाने एवढेच म्हणा, 'करून दाखव.'