शब्दविचार : सूज, शोथ आणि ‘इडीमा’

‘सूज म्हणजे बाळसे नव्हे’ असे आपण सहज बोलून जातो. वरवरच्या भरभराटीला भुलू नये, एवढाच त्याचा लाक्षणिक अर्थ आपण घेतो. परंतु या वचनाचा शब्दशः अर्थही किती गंभीर आहे, याची जाणीव मला एका इंग्रजी शब्दाने करून दिली. तो शब्द म्हणजे ‘इडीमा’.

काही वर्षांपूर्वी बालकांच्या आहाराविषयीची एक इंग्रजी पत्रिका भाषांतरासाठी माझ्याकडे आली होती. बालकाच्या दोन्ही पावलांवर इडीमा दिसल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे, अशी सूचना तीत होती. शब्दकोशात ‘इडीमा’पुढे ‘सूज’ असा अर्थ दिलेला. तेव्हा ‘पायांना सूज आल्यास’ असे लिहून मी मोकळा झालो. छपाईपूर्वी मसुदा काही मातांना वाचून दाखविण्यात आला, त्या वेळी तेथे बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, “पोराला ठेच लागली की पाय सुजायचाच. आंबेहळद उगाळून लावावी. त्याला दवाखाना कशाला?” आजीबाईंचे काहीच चुकले नव्हते. चूक भाषांतरकाराची होती.

मूळ शब्द ग्रीक आहे आणि तो ‘सुजणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. ग्रीक पुराणकथेतील ईडिपस राजाचे नावही त्याच धातूचे. तान्हेपणी घोटे टोचून त्याला टाकून देण्यात आले होते, म्हणून तो ‘सुजलेल्या पायांचा’. इंग्लंडमधील लेखनपद्धतीत हा शब्द ‘ओ’ अक्षराने सुरू होतो. अमेरिकेत ते अक्षर गाळतात. कोशात शब्द सापडला नाही, तर वाचकांनी दोन्ही ठिकाणी पाहावे.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत ‘स्वेलिंग’ हा सर्वसामान्य शब्द आहे. लाट, कळी, गर्दी, अभिमान या सर्वांच्या फुगण्याला तो चालतो. ‘इन्फ्लमेशन’ हा त्याहून वेगळा. त्याच्या मुळाशी ज्वाला आहे. लाली, उष्णता, फुगवटा आणि वेदना ही त्याची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. म्हणजे येथे फुगवटा हे चारांपैकी केवळ एक लक्षण होय. ‘इडीमा’त मात्र प्रधान गोष्ट पाणी ही आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव ऊतींमध्ये साठून राहतो. हृदय दुबळे झाले, मूत्रपिंडे बिघडली, यकृत खालावले किंवा रक्तातील प्रथिने घटली, तर असे घडते. अशा सुजेत पुष्कळदा लाली नसते, आग नसते, वेदनाही नसते. अंगठ्याने दाबून धरल्यास मात्र तेथे खळगा पडतो आणि काही काळ तसाच राहतो.

आपल्याकडे या अर्थाच्या शब्दांचे दारिद्र्य नाही. शोफ, श्वयथु आणि शोथ हे तीन शब्द अमरकोशात पर्याय म्हणून येतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वयथूवर स्वतंत्र अध्यायच आहे. अलीकडच्या मराठी शास्त्रीय लेखनात ‘इन्फ्लमेशन’साठी शोथ अथवा दाहयुक्त सूज आणि ‘इडीमा’साठी शोफ, अशी वाटणी करतात. ही वाटणी सोयीची आहे. पण ‘शोफ’ हा शब्द घराघरांत पोहोचलेला नाही, ही अडचण उरतेच.

प्रयोगाचे एक उदाहरण पाहा. ‘पल्मनरी इडीमा’चे भाषांतर ‘फुप्फुसाला सूज’ असे केले, तर वाचक न्यूमोनियासारखा विकार समजेल. वस्तुतः तेथे फुप्फुसात द्रव साठलेला असतो, आणि त्याचे कारण बहुधा हृदयात असते. म्हणून ‘फुप्फुसात पाणी साठणे’ हे अधिक यथार्थ. त्यातही फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साचणारे पाणी हा निराळाच विकार, हे भाषांतरकाराने विसरू नये.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत याच अर्थी ‘ड्रॉप्सी’ हा शब्द भेटतो. पाणी या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा तो झिजलेला अवतार. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिले, ते मुख्यतः याच विकारावरील उपचारांसंबंधी होते. आता हा शब्द मागे पडला असला, तरी 1998 मध्ये दिल्लीत तो पुन्हा वृत्तपत्रांत झळकला. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि अनेक कुटुंबांतील माणसांचे पाय सुजले. तेथेही लेप लावून भागण्यासारखे नव्हते; ते तेल स्वयंपाकघरातून बाहेर काढणे हाच पहिला उपाय होता.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीतही हा विवेक हवा. अखेरच्या महिन्यांत सायंकाळी पावले थोडी सुजणे पुष्कळ वेळा स्वाभाविक असते. परंतु चेहरा व हात एकाएकी सुजले, डोके दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली, तर रक्तदाब तत्काळ तपासून घ्यावा.

आता पुन्हा त्या बालकाकडे वळू. 1935 मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील ‘क्वाशिऑरकॉर’ हे नाव वैद्यकात आणले. पाठचे भावंड झाल्यावर आईच्या दुधाला पारखे होणाऱ्या मुलाचा आजार, असा त्या गा भाषेतील शब्दाचा आशय आहे. अशा मुलाचे हातपाय आणि चेहरा भरल्यासारखे दिसतात. साठलेल्या पाण्याचे वजन काट्यावरही उतरते, त्यामुळे काटासुद्धा फसवितो. आप्तेष्ट मात्र म्हणतात, पोराने अंग धरले! म्हणूनच दोन्ही पावलांवर अशी सूज असल्यास वजन काहीही असो, कुपोषण तीव्र समजावे, असा वैद्यकीय नियम आहे.

त्या पत्रिकेतील वाक्य मी अखेर असे बदलले : ‘बालकाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. खळगा पडून तसाच राहिला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.’ मूळ एका शब्दाच्या जागी दोन वाक्ये आली, पत्रिका एका ओळीने वाढली. आजीबाईंना ती पुन्हा वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी मांडीवरच्या नातवाचे पाऊल हातात घेतले आणि अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले. भाषांतर जमल्याची त्याहून मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.