घोट्यावरचा पहारेकरी कोणाला उत्तर देतो?

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात जामीन देताना अमेरिकेतली अनेक न्यायालये आरोपीच्या घोट्यावर एक यंत्र बसवायला सांगतात. प्यायलेल्या दारूचा जेमतेम एक टक्का भाग त्वचेवाटे बाहेर पडतो. साधारण दर अर्ध्या तासाने हे यंत्र तो टिपते आणि नोंद खासगी कंपनीकडे पाठवते. माझा यंत्राला विरोध नाही. कोठडीपेक्षा ते केव्हाही बरे. आक्षेप आहेत ते त्याच्या कारभाराबद्दल.

१. यंत्र निरुपयोगी आहे, असे म्हणून सुटका होणार नाही. साउथ डकोटा राज्यात ॲटर्नी जनरल लॅरी लाँग यांनी २००५ मध्ये एक योजना सुरू केली. दारूपायी पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन श्वासचाचणी द्यायची. लांब राहणाऱ्यांना घोट्यावरचे यंत्र. चाचणीत दारू निघाली की तिथूनच एक-दोन दिवस कोठडीत. रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, योजना लागू झालेल्या काउंट्यांत मद्यधुंद चालकांच्या पुन्हा होणाऱ्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्या. शिक्षा किरकोळ होती, पण चुकत नव्हती. ‘तारीख पे तारीख’ अंगवळणी पडलेल्या आपल्याला हे जरा नवलाचेच वाटेल.

२. आरोपी आणि दोषी यांच्यातला फरक मात्र पुसला जाऊ नये. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने न्यायालयाला घोट्यावरच्या पट्ट्याचा आदेश देता येतो, पण दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षेचा भाग म्हणून आणि जास्तीत जास्त १२० दिवसांसाठी. वेल्समध्ये ही व्यवस्था ऑक्टोबर २०२० पासून आणि इंग्लंडमध्ये मार्च २०२१ पासून सर्वत्र लागू झाली. अमेरिकेत अनेकदा निकालाच्या आधीच पट्टा चढतो. पिण्याचे कायदेशीर वय गाठलेल्या माणसाने घरी बसून पिणे हा तिथे गुन्हा नाही. मग ते बंद करायचे, तर त्याच्यावरच्या आरोपाशी त्याचा संबंध दाखवायला हवा. गुन्ह्याचे कलम पाहून छापील अर्जावर खूण करणे म्हणजे न्यायनिवाडा नव्हे.

३. पक्क्या व्यसनी माणसाची दारू एका दिवसात तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून दारूवर अवलंबून असलेल्यांना इंग्लंडचा कायदा या आदेशातून वगळतो. आधी डॉक्टर, मग पट्टा.

४. आता पैसे. इंग्लंडमध्ये खर्च सरकारचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो आरोपीच्या माथी, आणि घोट्यावरच्या यंत्राचे भाडे अनेक ठिकाणी रोजचे दहा डॉलर किंवा त्याहून जास्त. साउथ डकोटात दर श्वासचाचणीला सुरुवातीला एक डॉलर पडे. खटला सहा महिने चालला तर या दोन आकड्यांतली तफावत कुठल्या कुठे जाते, हे वाचकाने स्वतःच मांडून पाहावे. खरोखर ऐपत नसलेल्याला, त्याची परिस्थिती न तपासता, दंड थकला म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच ‘बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात सांगितले. तो खटला प्रोबेशनचा होता. पण जामिनावरच्या, अजून दोषीही न ठरलेल्या माणसाला त्याहून कमी संरक्षण कसे काय?

५. सगळ्यात अवघड प्रश्न नोंद वाचण्याचा आहे. सॅनिटायझर, अत्तर, फरशी पुसायचे द्रव यांतल्या अल्कोहोलनेही यंत्र चाळवते. प्यायलेली दारू हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. बाहेरची वाफ एकदम उसळते आणि ओसरते. आलेखाच्या या चढउतारावरून कंपनीचे विश्लेषक ‘प्यायला’ की ‘नाही प्यायला’ ते ठरवतात. तर्क पटण्याजोगा आहे. पण विश्लेषक यंत्र पुरवणाऱ्याच्याच पगारावर असतो. शिवाय रक्ताचा नमुना राखून ठेवता येतो, दुसऱ्या प्रयोगशाळेत नेता येतो. त्वचेवरची वाफ उडून जाते, उरतो फक्त आलेख.

म्हणून कंपनीचा शेरा हा पुरावा नसून तक्रार मानावी. आरोपीच्या वकिलाला मूळ आकडे मिळावेत, विश्लेषकाची उलटतपासणी व्हावी, आणि इशारा येताच त्याच दिवशी श्वासाची किंवा रक्ताची चाचणी व्हावी. यावर कोणी म्हणेल, मग साउथ डकोटातला तो झटपटपणा कुठे राहिला? तो श्वासचाचणीचा होता. तिथे आकडा सर्वांच्या डोळ्यांदेखत दिसतो. घोट्यावरच्या यंत्रात दारू उशिरा उमटते, त्यानंतर विश्लेषण, मग अहवाल. वेळ आधीच गेलेला असतो. सुनावणीने फार काही बिघडत नाही.

६. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळले की गुन्हा. घोट्यावरच्या पट्ट्याची तरतूद त्यात नाही. पण जीपीएसचा पट्टा जामिनाच्या अटींत आला आहे. जम्मूतल्या एका न्यायालयाने २०२३ मध्ये तो लावायला सांगितला. जुलै २०२४ मध्ये मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने, आरोपीने आपले गुगल लोकेशन तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावे ही अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना अखंड डोकावू देणारी अट चालणार नाही, हा त्यामागचा विचार. उद्या कोणी दारूचा पट्टा आणू म्हटले, तर तो याच कसोटीवर घासावा लागेल.

त्याच वर्षी पुण्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर आरोपी चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. पट्ट्याच्या नोंदीही अशाच कोणाच्या तरी हातून जाणार. तो हात कंपनीचाही नको आणि पोलिसांचाही नको. न्यायालयाच्या अधिकाऱ्याचा हवा, आणि खटला संपल्यावर नोंदी किती दिवसांत पुसायच्या हे पट्टा लावण्याच्या आदेशातच लिहिलेले असावे.