बुलेटच्या मागे रेंगी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. घरात सध्या एकच विषय चालू आहे : नातवाची मोटारसायकल आणि तिच्या मागे जोडायचं घर!

हो, घरच. नातू अकोल्याला नोकरीला असतो. त्याच्याकडे 350 सीसीची बुलेट आहे. गेल्या महिन्यात तो अमरावतीला आला तो एक गुंडाळलेला कागद घेऊनच. कागदावर दोन चाकांची पेटी काढलेली. उघडली की तिचा तंबू होतो, आत दोघांपुरता पलंग, बाजूला शेगडी ठेवायला फळी. अमेरिकेत अशा पेट्या मोटारसायकलला जोडून लोक महिना महिना हिंडतात म्हणे. अकोल्याच्या एका वेल्डिंगवाल्याशी त्याचं बोलणंही झालेलं. पेटीचं वजन त्याच्या हिशेबाने सव्वाशे किलो. रस्ताही ठरलेला : अमरावती, परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, पुन्हा परतवाडा, मग अंजनगाव सुर्जी, अकोट, नरनाळा आणि अकोला. पाच दिवस.

"आन् आबाजी, मांगं तुमी बसजा," तो म्हणाला. "झोपाले गादी हाये. तुमाले काई तरास नाई."

कागद बघून मला पहिल्यांदा आठवली ती रेंगी. नव्या पिढीतल्या नातेवाईकांसाठी सांगतो, रेंगी म्हणजे वर छत घातलेली हलकी बैलगाडी, माणसं नेण्यासाठीची. माझ्या लहानपणी पौषात आम्ही बहिरमच्या यात्रेला रेंगीतून जात असू. परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, टेकडीवर बहिरमबुवाची शेंदूर फासलेली भली थोरली मूर्ती आहे. यात्रा डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीभर चालते. रेंगीत खाली कडबा, त्यावर सतरंजी, कोपऱ्यात पिठाची पिशवी, वांगी, तेलाची बाटली आणि मडकं. तिथे पोचलं की बैल सोडायचे, गाडीच्या आडोशाला गोवऱ्या पेटवायच्या आणि रोडगे भाजायचे. म्हणजे नातू जे अमेरिकेतून आणू पाहतो आहे, ते आमच्या गोठ्याशेजारी उभं होतं!

तरीही माझं मत स्पष्ट आहे. सहल करावी, जरूर करावी. पेटी नको.

पहिलं कारण गाडीवानकीचं. बंडी हाकणाऱ्याला एक गोष्ट शाळेत न जाता कळते. ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. फार पुढे आलं की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर बसते. मोटारसायकलच्या मागच्या पेटीचं गणित तेच आहे. ओझं मागे गेलं तर वेगात पेटी डावी-उजवीकडे झुलायला लागते आणि गाडीलाही झुलवते. फार पुढे आलं तर बुलेटचं मागचं चाक दबतं, पुढचं हलकं होतं आणि हँडल हवं तसं वळत नाही. जाणकार साधारण एक दशांश भार जोडणीवर ठेवायला सांगतात. पण हा हिशेब घरी जमला तरी दुसऱ्या दिवशी पाण्याचा कॅन मागे ठेवला की बिघडतो.

अमेरिकेत अशी पेटी ओढणाऱ्यांत होंडाची गोल्डविंग आवडती. तिचं इंजिन 1833 सीसीचं, सहा सिलिंडरचं. आपली बुलेट 349 सीसीची, वीस अश्वशक्तीची. सपाट रस्त्यावर तीही ओढेल. अमरावती-अकोला महामार्गावर तर नक्कीच. याच रस्त्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. पण चिखलदरा 1118 मीटर उंचीवर आहे. तिथून परतवाड्याला उतरताना तीसेक किलोमीटरात सातशे मीटरहून अधिक खाली यायचं असतं, आणि सगळी वळणं. रेंगी उतारावर आली की बैल मागे रेलून तिला थोपवायचे, गाडीवान उतरून त्यांच्या तोंडाशी चालायचा. बुलेटला रेलता येत नाही. पेटीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती वळणावर गाडीला ढकलणार, आणि चालवणाऱ्याला आधी कळणारही नाही. चढाची काळजी सगळे करतात, मला काळजी उताराची आहे.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च आहे. म्हणजे नोंदणी आली, विमा आला. वेल्डिंगवाल्याने जोडून दिलं आणि निघालो, असं होत नाही. "लोखंड कापायच्या आधी आरटीओत जाऊन ये," एवढंच मी नातवाला सांगितलं. तो अजून गेलेला नाही.

तिसरं कारण जंगलाचं. मेळघाट हा देशात 1973-74 साली पहिल्यांदा जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे वाटेल त्या वळणावर पेटी उघडून चूल मांडायची नसते. सेमाडोहला आणि कोलकासला, सिपना नदीकाठी, वनखात्याची राहायची सोय आहे, ती आधी ठरवून घ्यावी लागते. नरनाळ्यालाही शहानूरला नोंद करून मगच वर जाता येतं. मग ही पेटी उघडायची कुठे? तिकडे गावोगावी पेट्यांसाठी पाणी-विजेची जागा राखलेली असते. आपल्याकडे पेटी उघडणार पेट्रोलपंपाच्या मागे, ट्रकांच्या ओळीत.

आणि चौथं कारण, जे मला सगळ्यात मोठं वाटत होतं. या रस्त्यावर आपलं घर नाही असं गाव कोणतं? परतवाड्याला चुलतभाऊ, अंजनगावला माझे जुने विद्यार्थी, अकोटला भाचा. ज्याच्या मागे स्वतःचं घर आहे, तो कुणाचं दार कशाला वाजवील? प्रवास म्हणजे ओळखीच्या दारात उभं राहणं, असं मी आयुष्यभर मानत आलो. नातवाला मी हे मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. (मास्तरकी अंगातून जात नाही, काय करणार!)

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी काय म्हने माहीत हाये काय आबाजी? म्हने, पावना आला का तुमच्या आबाजीले आनंद होते, अन् मले कनीक."

मंडळी, मी निरुत्तर झालो.

कारण ते खरं आहे. आमचं घर स्टँडजवळ. दवाखान्याला, लग्नाला, परीक्षेला आलेली सगळी मंडळी आमच्याकडे उतरायची. मी दारात "या, या" म्हणायचो आणि ही रात्री दहाला पुन्हा परात पुढे ओढायची. माझ्या ज्या आदरातिथ्याची गावभर वाहवा झाली, त्याचं पीठ कुणी मळलं हे मी मोजलंच नाही. आजची मुलं न कळवता कुणाकडे जात नाहीत याला आपण तुटकपणा म्हणतो. त्यात थोडी दुसऱ्याच्या बायकोची कदरही असेल, हे मला सत्तरी ओलांडल्यावर नातवाकडून कळावं!

आणि आणखी एक. चिखलदऱ्याला मी शाळेच्या सहली घेऊन एसटीने कितीदा गेलो. भीमकुंडाच्या काठावर उभं राहून मुलांना कीचकवधाची गोष्ट सांगितली, गाविलगड दाखवला, 1803 साल फळ्यावर लिहावं तसं हवेत लिहून दाखवलं. दर सहलीला चिवडा हिने करून दिला. तिला मात्र एकदाही नेलं नाही. "रिटायर झाल्यावर जाऊ," म्हणत राहिलो. रिटायर झालो तेव्हा तिचे गुडघे गेले होते, आणि आता तिला जाऊन सहा वर्षं झाली. नातवाच्या कागदावर ती गादी एवढी जाड का काढली होती, हे मी त्याला विचारलं. "मनात आजी होती," एवढंच म्हणाला.

म्हणून आता पेटीला हसत नाही. पेटी नको हे माझं मत कायम आहे, कारण उतार काही भावनेने सपाट होत नाही. पण तिच्यामागची गोष्ट बरोबर आहे : आपण कुणावर ओझं होऊ नये, आणि ज्याला त्रास होतो त्यालाही बरोबर नेता यावं. हे पेटीशिवायही जमतं, असं माझं म्हणणं. प्रवास आखताना काय न्यायचं यापेक्षा कोणाला किती त्रास पडेल, हे आधी लिहावं.

तर आमचं ठरलं ते असं. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात निघायचं. बुलेटला दोन बाजूंना दोन पिशव्या, बस्स. मी परतवाड्यापर्यंत एसटीने जाणार, तिथून घाट नातवाच्या मागे बसून, हेल्मेट घालून. चिखलदऱ्याला दोन रात्री, सेमाडोहला एक, दोन्हीकडे पैसे भरून. नरनाळ्याला मी जमेल तेवढंच चढणार. अकोटला मात्र भाच्याकडे. ते दार सोडायला मी तयार नाही.

पण या वेळी फोन महिनाभर आधी केला, आणि भाच्याला नाही, भाचसुनेला. म्हटलं, "आम्ही दोघं येतो आहोत. रात्री जेवूनच येऊ, तू काही करू नकोस."

ती हसली. म्हणाली, "जेवून कायले येता मामाजी? वावरात रोडगे करू ना. पन कनीक तुमी मळजा."

तेव्हा मंडळी, सध्या सराव सुरू आहे. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं. असो.