लष्कराच्या भाकऱ्या

मी विम्बल्डनला राहतो असे सांगितले की मुंबई-पुण्याकडची मंडळी एकदम सरसावून बसतात. मागे दादरला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "वा! म्हणजे टेनिसची तिकिटे तुमच्या खिशातच!" मी खरे तेच सांगितले. म्हटले, "टेनिसचे तिकीट मला इतक्या वर्षांत एकदाही मिळालेले नाही. पण तिथल्या एका फुटबॉल क्लबाचा मी मालक आहे."

गृहस्थांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. पुढे जेवण संपेपर्यंत त्यांनी माझी जी बडदास्त ठेवली ती आमच्या सासुरवाडीलाही कधी ठेवली गेली नसेल. मठ्ठा त्यांनी स्वतः ओतला. हात धुताना हळूच विचारले, "केवढ्याला पडला हो क्लब?"

"वार्षिक वर्गणी भरली की झाले," मी म्हणालो. "माझ्यासारखे आणखी काही हजार मालक आहेत."

त्यांचा चेहरा पडला. ओतलेला मठ्ठा परत घेता येत नाही याचे त्यांना मनापासून दुःख झाले असावे.

या सदराच्या वाचकांना माझी दोन व्यसने ठाऊक आहेत. शनिवारी फुटबॉल आणि रविवारी सायकल. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांचा हिशेब एका वाक्यात मांडला आहे. "शनिवार क्लबाचा, रविवार सायकलचा, आणि उरलेले पाच दिवस ऑफिसचे, घरचे खायचे आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या!" यातले 'घरचे खायचे' हे अक्षरशः खरे आहे. सामन्याच्या दिवशी मी मैदानाच्या दाराशी उभा राहून कार्यक्रमपत्रिका विकतो, तेव्हा खिशात पोळी-भाजीचा डबा असतो आणि तो तिनेच भरून दिलेला असतो.

हे व्यसन मला लावले ते आमच्या भिंतीपलीकडच्या आजोबांनी. हे निवृत्त टपालवाले. आमच्या मुलांनी त्यांना पहिल्या आठवड्यातच 'आजोबा' करून टाकले, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर त्यांना 'सर' म्हटल्यापेक्षाही अधिक आनंद झाला. विम्बल्डनच्या फुटबॉलचे पुराण मी त्यांच्याच तोंडून ऐकले. क्लब निघाला १८८९ साली, गावाजवळच्या मोकळ्या माळावर. जवळजवळ नव्वद वर्षे तो हौशी आणि किरकोळ सामन्यांत रमला होता. १९७७ साली त्याला इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये प्रवेश मिळाला, १९८६ साली तो सर्वांत वरच्या पायरीवर पोचला, आणि १४ मे १९८८ या दिवशी वेम्ब्लीच्या मैदानावर त्याने बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवून एफ. ए. कप जिंकला. लॉरी सांचेझने गोल केला. गोलरक्षक डेव्ह बीझंटने पेनल्टी अडवली. आजोबा हे सांगू लागले की भिंतीवरून माझ्या अंगणात झेप घेतील की काय अशी मला भीती वाटे.

पण क्लब आजोबांचा असला तरी कागदोपत्री तो मालकांचा होता. १९९१ साली क्लबाने प्लाऊ लेनचे आपले मैदान सोडले आणि दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर बिऱ्हाड केले. पुढे क्लबच उचलून मिल्टन कीन्स या गावी न्यायचे ठरले. अंतर सुमारे ९० किलोमीटर! शिवाजी पार्कवरचा क्लब उचलून लोणावळ्याला नेऊन ठेवावा तसा हा प्रकार. प्रकरण तिघांच्या आयोगापुढे गेले आणि २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक मताने परवानगी मिळाली.

त्या संध्याकाळी मी आजोबांचे सांत्वन करायला गेलो. ते बागेत गुलाबाला पाणी घालीत होते. मला म्हणाले, "क्लब गेला म्हणतात. मी तर इथेच आहे. माझे मित्रही इथेच आहेत. मग गेले कोण?"

या प्रश्नाचे उत्तर त्या उन्हाळ्यात शोभेलशा थाटात दिले गेले. प्रेक्षकांनी स्वतःच नवा क्लब काढला, ए. एफ. सी. विम्बल्डन. खेळाडू हवेत म्हणून त्याच जुन्या माळावर चाचणी ठेवली, तर दोनशेहून अधिक तरुण आले. १० जुलैला, म्हणजे निकालानंतर सहा आठवड्यांनी, शेजारच्या सटनमध्ये पहिला सामना झाला. आम्ही ०-४ असे हरलो. प्रेक्षक होते ४,६५७. आजोबांबरोबर मीही त्यांत होतो. एवढा मोठा पराभव इतक्या आनंदाने साजरा करणारी माणसे मी त्यापूर्वी फक्त शाळेच्या निकालाच्या दिवशी आमच्या वर्गात पाहिली होती.

इंग्लंडच्या फुटबॉलच्या शिडीची नववी पायरी आम्हाला मिळाली. तिथून नऊ मोसमांत पाच पायऱ्या चढून २०११ साली क्लब पुन्हा मुख्य लीगमध्ये आला. मधल्या काळात लीगचे ७८ सामने ओळीने न हरण्याचा विक्रमही केला. आणि हे सगळे झाले ते मालकीची सूत्रे सभासदांच्या ट्रस्टच्या हातात असताना. तिथला नियम एकच. एक सभासद, एक मत. वर्गणी भरणाऱ्या टपालवाल्याला जेवढे मत, तेवढेच पेढीवाल्याला.

वाचकहो, हे वाचून तुम्हाला काही आठवले का? मला आठवली आमची पार्ल्याची सहकारी गृहनिर्माण संस्था. एक सभासद, एक मत हा नियम रॉचडेल या इंग्लिश गावातल्या विणकरांनी आणि इतर कारागिरांनी १८४४ साली आपल्या किराणा दुकानासाठी घालून घेतला. त्याची ख्याती जगभर पसरली आणि तो आपल्याकडच्या पतपेढ्यांत, साखर कारखान्यांत आणि आमच्या इमारतीच्या जिन्यातही येऊन पोचला. माझे वडील त्या संस्थेचे सेक्रेटरी होते. बिनपगारी अर्थातच. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून जी रणे माजत ती ऐकत मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे क्लबाच्या सभेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला अगदी माहेरी आल्यासारखे वाटले. तोच तो मागच्या सभेचा वृत्तान्त, तेच ते 'हिशेब तपासनीस कोण?', आणि मागच्या रांगेतून उठून नेहमी एकच तक्रार करणारे तेच ते वयोवृद्ध सभासद. आमच्याकडे टाकी असे, इथे चहा. "मध्यंतरातला चहा थंड असतो," ही तक्रार दर वर्षी मांडणारे सभासद म्हणजे आमचे आजोबाच.

असे क्लब जगात आणखीही आहेत. स्पेनमधला बार्सिलोना सभासदांच्या मालकीचा आहे. जर्मनीत तर, काही अपवाद सोडले तर, निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत असा लीगचा नियम आहे. पण मालकी म्हणजे काय, हे मला कळले ते सायकलमुळे.

सायकलचे वेड मात्र इथले नव्हे. लहानपणी मामांनी मला मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहायला खोपोलीला नेले होते. घाटाच्या चढणीवर माना खाली घालून, घामाने निथळत गेलेले ते स्वार आणि त्यांतल्या पहिल्याला मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताब माझ्या मनात घर करून बसला. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतला घाटाचा राजा लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा घालतो. आमच्या घराजवळचा घाट म्हणजे बॉक्स हिल. सुमारे अडीच किलोमीटरची नागमोडी चढण. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांना ती नऊ वेळा चढावी लागली. मी ती रविवारी एकदा चढतो आणि वर जाऊन केक खातो.

सायकलच्या शर्यतीत एक गंमत असते. जो पुढे असतो तो वारा खातो; मागचे त्याच्या आडोशाने निम्म्या श्रमात चालतात. म्हणून प्रत्येक संघात काही स्वार केवळ दुसऱ्यांसाठी वारा खाणारे, पाण्याच्या बाटल्या आणून देणारे असतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'दोमेस्तीक' म्हणतात, म्हणजे सरळ अर्थ घरगडी. आमच्या रविवारच्या टोळीत आम्ही पाळीपाळीने घरगडी होतो. पाळी चुकवणारा एखादा असतोच. त्याला कोणी बोलत नाही, पण केकच्या टेबलाशी त्याला खुर्ची उशिरा मिळते.

तर सांगायचे असे की माझी लोखंडी सायकल वीस वर्षांची झाली होती. नव्या कार्बनच्या सायकलसाठी मी चार वर्षे पैसे साठवीत होतो. २,००० पौंड जमले होते. दुकानात जाऊन मी तिच्यावरून हातही फिरवून आलो होतो. एवढ्यात २०१९ सालच्या अखेरीस क्लबापुढे संकट उभे राहिले. प्लाऊ लेनला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतींच्या मोडीत निघालेल्या जागी आमचे नवे मैदान उभे राहत होते, आणि बांधकामाला पैसे कमी पडत होते. एक मार्ग होता बाहेरच्या धनिकांना हिस्सा विकण्याचा. दुसरा, सभासदांनी आणि गावाने आपल्याच खिशातून कर्ज देण्याचा.

पहिला मार्ग वाईट होता असे मी म्हणणार नाही. घरात लग्न निघाले आणि कोणी पैशाची थैली पुढे केली तर माणूस विचार करतोच. मी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, झोप का येत नाही? सायकलचा रंग ठरत नाही का?"

मी सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामंजींच्या गच्चीची गोष्ट आठवते का?"

आठवत कशी नाही? आमच्या इमारतीला गळती लागली होती. एक ठेकेदार सगळी इमारत फुकट दुरुस्त करून द्यायला तयार होता. बदल्यात त्याला फक्त गच्ची हवी होती. "गच्चीचा उपयोग काय? वाळवणे आणि पतंग!" असे निम्मे सभासद म्हणू लागले. वडील रोज संध्याकाळी एकेका बिऱ्हाडी जाऊन बसले. "आज गच्ची दिली तर उद्या जिना चढायला परवानगी मागावी लागेल," एवढे एकच वाक्य ते सांगत. शेवटी प्रत्येकाने पदरचे पैसे घातले. आईच्या पाटल्या त्या वर्षी घडल्या नाहीत. त्या पुढेही कधी घडल्या नाहीत, आणि वडिलांना ते शेवटपर्यंत टोचत होते हेही मला ठाऊक आहे.

"व्याज किती देणार आहेत?" तिने विचारले.

"आपण मागू तितके, एका मर्यादेपर्यंत. शून्य मागितले तरी चालते."

"म्हणजे तुम्ही शून्यच मागणार. आणि बुडाले तर?"

"बुडाले तर बुडाले," मी म्हणालो. पण आवाज माझा मलाच खोल गेलेला वाटला.

"द्या," ती म्हणाली. "गच्ची द्यायची नाही."

रोख्यांतून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्यांत माझी सायकल होती आणि आजोबांच्या शिलकीतलाही एक वाटा होता. ३ नोव्हेंबर २०२० रोजी, एकोणतीस वर्षांनी, क्लब प्लाऊ लेनला परतला. पण महामारीमुळे आत एकही प्रेक्षक नव्हता. मी संध्याकाळी जुन्या सायकलवरून तिथे गेलो आणि बाहेरच्या रस्त्यावर उभा राहून फक्त दिव्यांचा उजेड पाहिला. आजोबा घरातून बाहेर पडू शकत नव्हते. मी फोन करून म्हटले, "दिवे लागले आहेत." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हणाले, "घरी जा. थंडी फार आहे."

पुढच्या वर्षी दारे उघडली तेव्हा आजोबा आपल्या जागेवर जाऊन बसले. मध्यंतरात चहाचा एक घोट घेतला आणि समाधानाने मान हलवली. "थंड आहे. सभेत विषय काढला पाहिजे."

२०२४ च्या सप्टेंबरात वँडल नदीला पूर आला आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात भला मोठा खड्डा पडला. न्यूकॅसलशी व्हायचा सामना तिकडच्या मैदानावर हलवावा लागला. मुंबईच्या माणसाला खड्ड्याचे काय कौतुक? पण मी ऑफिसात असताना सौभाग्यवतींचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "अहो, ऐकलेत का? आपल्या मैदानाला खड्डा पडला!"

इतकी वर्षे तो क्लब 'तुमचा' होता. मी काहीच बोललो नाही. अशा वेळी चूक दाखवू नये आणि बरोबर तर मुळीच दाखवू नये. लोकांनी वर्गणी काढून १ लाख पौंडांहून अधिक जमवले. त्यांत आमच्या घरातून किती गेले हे मला विचारू नका. ते तिने परस्पर पाठवले. २६ मे २०२५ रोजी वेम्ब्लीवर वॉल्सॉलला १-० असे हरवून क्लब तिसऱ्या पायरीवर चढला, तेव्हा ती माझ्या शेजारी होती आणि डब्यात पोळी-भाजी तिघांना पुरेल इतकी होती.

परवाच्या रविवारी बॉक्स हिलच्या दुसऱ्या वळणावर कार्बनच्या सायकलवरचा एक तरुण मला ओलांडून गेला. जाता जाता माझ्या लोखंडी घोड्याकडे पाहून आदराने म्हणाला, "काका, नवी घ्या की एखादी!" निदान इंग्रजीत तो जे म्हणाला त्याचा मराठीत अर्थ हाच.

घेतली होती, बाबा. प्लाऊ लेनच्या भिंतीत आहे.