दावा न झालेला पैसा बेवारस नसतो

१/ न्यायालयाच्या हुकमाने मालमत्तेचा लिलाव होतो, धनकोचे कर्ज फिटते आणि काही रक्कम उरते. ती घेण्यास मूळ मालक वा त्याचे वारस आलेच नाहीत, तर ती कोणाची? लंडनच्या चॅन्सरी न्यायालयाचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकतो.

२/ वारसा, विश्वस्त निधी आणि गहाण यांचे दावे या न्यायालयापुढे चालत. हुकूमनाम्यानुसार जमीनजुमला विकला गेला की पैसा ‘मास्टर’ नावाच्या अधिकाऱ्यांच्या हाती येई. दावे वर्षानुवर्षे रेंगाळत. तोवर मास्टर तो पैसा गुंतवीत आणि नफा स्वतःकडे ठेवीत.

३/ यात लपवाछपवी फारशी नव्हती. मास्टरपद मिळवण्यासाठी लॉर्ड चॅन्सेलरला मोठा नजराणा द्यावा लागे. पक्षकारांचा पैसा हे तो भरून काढण्याचे साधन होते.

४/ १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटला. काही मास्टरांनी पक्षकारांचा पैसा सट्ट्यात घालवला होता. तूट उघड झाली. १७२५ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड यांना पद सोडावे लागले. महाभियोगात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांना एकमताने दोषी ठरवून ३०,००० पौंड दंड केला.

५/ १७२६ मध्ये महालेखापालाचे पद कायद्याने निर्माण झाले. हिशेब त्याच्याकडे, रोकड बँक ऑफ इंग्लंडकडे. लिहिणारा हात आणि पैसा धरणारा हात वेगळे झाले. अफरातफरीला आळा बसला.

६/ तरीही मालक न सापडलेला पैसा साचतच राहिला. १८६५ च्या कायद्याने पक्षकारांच्या निधीतील साचलेल्या शिलकीचा काही भाग नव्या न्यायालय-इमारतीसाठी वापरण्यास मुभा दिली. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने उद्घाटन केलेली स्ट्रँडवरील भव्य वास्तू ती हीच.

७/ ‘पडून राहिलेला पैसा लोकोपयोगी लागला, यात कोणाचे काय गेले?’ हा युक्तिवाद लंगडा आहे. आपले काही येणे आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याचे मौन म्हणजे संमती नव्हे.

८/ भारतातही प्रश्न तोच आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३४ नुसार गहाण मालमत्तेच्या विक्रीतून खर्च आणि कर्जे वजा जाता उरलेली रक्कम त्या मालमत्तेत आपला हितसंबंध सिद्ध करणाऱ्या व्यक्तीस मिळते. हक्क निःसंदिग्ध आहे. पण सिद्ध करण्याचा भार बहुधा घरदार गमावलेल्या माणसावर पडतो.

९/ चोरी थांबवणे हे व्यवस्थेचे अर्धेच कर्तव्य. ठेव धन्यापर्यंत पोहोचवणे हे उरलेले अर्धे. स्थावराच्या जप्तीची आणि विक्रीची दवंडी ढोल वाजवून पिटण्याची तरतूद याच संहितेत आहे. घर विकताना मालकाच्या दारापर्यंत जाणाऱ्या व्यवस्थेने त्याची शिल्लक परत करतानाही तेवढ्याच मोठ्या आवाजात त्याला हाक मारली पाहिजे.