फक्त कुटुंबासाठी!

‘जागा भाड्याने देणे आहे. फक्त कुटुंबासाठी.’ या पाटीला सभ्यतेचे लक्षण मानायला मी तयार नाही. ती नुसती भीती आहे. सोवळे नेसून दारात बसलेली, इतकेच.

गंमत अशी, की याच पाटीची फजिती पाहून आपण सहकुटुंब पोट धरून हसतो. सचिन पिळगांवकरांचा १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ न पाहिलेले मराठी घर विरळा! पुण्यात चार तरुणांना डोक्यावर छप्पर हवे. घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना बिऱ्हाड हवे ते जोडप्यांचेच. मग दोघे साड्या नेसून दुसऱ्या दोघांच्या बायका होतात. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्येही हीच अडचण आणि हीच युक्ती. म्हणजे दुखणे जुनेच!

आता मला सांगा, त्या घरात खोटेपणा आधी कोणी आणला? पोरांनी? छे! तो अटीबरोबरच आला होता. खऱ्याला दार बंद केले, की सोंगालाच आत घ्यावे लागते.

अमेरिकेतही हेच घडले. १९४३ च्या ‘द मोअर द मेरियर’ या चित्रपटात युद्धामुळे वॉशिंग्टनमध्ये जागेची टंचाई आहे. जीन आर्थरला आपली अर्धी जागा बाईमाणसालाच द्यायची असते. शिरतो एक खटपट्या म्हातारा, आणि तो आपल्या अर्ध्यातले अर्धे एका तरुणाला देऊन मोकळा होतो! तिघे परके, एक न्हाणीघर, सकाळचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक. आभाळ कोसळले का? नाही. भांडता भांडता तरुण-तरुणीचे जमले. आणि म्हाताऱ्याचे काम करणाऱ्या चार्ल्स कोबर्नला ऑस्कर मिळाले.

पडद्यावर हे गोड वाटते. पण आमचे ईट भूम तालुक्यातले, खव्याच्या मुलखातले. येथून पोरे-पोरी शिकायला आणि नोकरीला पुण्याची वाट धरतात, त्यांना हे गोड लागत नाही. मुलगा एकटा, म्हणून नको. मुलगी एकटी, म्हणून तर मुळीच नको! आणि पाटीवर न लिहिलेली एक अट असते, ती दारात तोंडी विचारली जाते: ‘आडनाव काय?’ या प्रश्नावर साडी नेसूनही उपाय नाही.

घरमालक म्हणतील, ‘घर आमचे, भाडे थकले, रात्री धिंगाणा झाला, तर निस्तरायचे कोणी?’ तक्रार रास्त आहे. पण मंगळसूत्र पाहून भाडे वेळेवर येते, हा शोध कोणी लावला? जोडपी भांडत नाहीत? त्यांची पोरे भिंती रंगवत नाहीत? अट वागणुकीची घाला ना! भाड्याची तारीख, अनामत रक्कम, रात्री दहानंतर शांतता, पाहुण्यांचा नियम, हे सारे करारात लिहा. मोडले तर नोटीस द्या. मात्र माणूस पाहण्याआधीच त्याला गुन्हेगार ठरवू नका.

भाऊबीज आटोपली, की ही लेकरे फराळाचे डबे घेऊन शहरांकडे परततील आणि तुमच्यापैकी कोणाच्या तरी दाराची कडी वाजवतील. तोवर तेवढी पाटी उतरवा. ते जमत नसेल, तर या दिवाळीत ‘बनवाबनवी’ पाहताना निदान हसू तरी नका; ती हशाची जागा तुमच्यावरच आहे.